आधुनिक पटखेळांची समीक्षा : जाणकार भिडू आणि कच्चे लिंबू

प्रास्ताविक

साहित्य, नाटक, संगीत आणि चित्रपट यांचा विचार करण्यासाठी मराठी समीक्षेने स्वतःची परिभाषा घडवली. खेळाच्या वाट्याला असा विचार क्वचित आला. क्रिकेटचे वृत्तांत लिहिले गेले, बुद्धिबळातील डावांची विश्लेषणे झाली. परंतु खेळ ही कोणीतरी विचारपूर्वक रचलेली कृती असते, तिला कर्ता असतो, आशय असतो आणि म्हणून तिची समीक्षा संभवते, ही भूमिका आपल्याकडे फारशी रुजली नाही. वस्तुतः पटावरील खेळांशी मराठीचे नाते जुने आहे. डाव मांडणे, डाव उधळणे, फासे उलटे पडणे, दुसऱ्याच्या हातचे सोंगटे होणे हे वाक्प्रचार पट कधी न मांडलेल्यांच्याही तोंडी असतात. सारीपाट हे संसाराचे रूपक म्हणून आपल्या कवितेत रुळले. सापशिडीचे पूर्वरूप असलेल्या मोक्षपटाची परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडली जाते. खेळाकडे अर्थवाही रचना म्हणून पाहण्याची बीजे अशी भाषेतच आहेत.

युरोपात, विशेषतः जर्मनीत, या विचाराला संस्थात्मक रूप मिळाले. तेथे पटखेळाच्या पेटीवर कादंबरीप्रमाणे कर्त्याचे नाव छापले जाते. १९७८ मध्ये जर्मन भाषेतील खेळसमीक्षक एकत्र आले आणि १९७९ पासून त्यांनी 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षाचा खेळ', हा पुरस्कार देण्यास आरंभ केला. पहिला मान इंग्लंडच्या डेव्हिड पार्लेट यांच्या 'हेअर अँड टॉर्टॉइस' या शर्यतीच्या खेळाला मिळाला. शर्यतीचा खेळ असूनही त्यात फासे टाकून पुढे जायचे नसते. गाजरे खर्चून जायचे असते. हा तपशील बोलका आहे. दैवाऐवजी निवडीवर भर देणाऱ्या खेळांचे युग पुढे याच भूमीत बहरले, आणि त्याबरोबर त्यांचे परीक्षण हा लेखनप्रकारही वाढला.

प्रस्तुत लेखात या परीक्षणाच्या एका मूलभूत अडचणीचा विचार केला आहे. असे परीक्षण दोन वाचकांसाठी लिहिले जाते. एकाच्या घरी पन्नास पेट्या असतात आणि त्याला एकावन्नावी हवी असते. दुसऱ्याने लहानपणीच्या 'व्यापार'नंतर काहीच खेळलेले नसते. परीक्षण लिहिणारा बहुधा पहिल्या वर्गातला असतो. दुसऱ्यासाठी तो शेवटी एक वाक्य लिहितो : 'नवख्यांनाही जमेल.' त्या एका वाक्यात काय काय झाकले जाते, हे तपासणे अगत्याचे आहे.

संहिता आणि प्रयोग

मराठी नाट्यसमीक्षेने नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग असा भेद फार पूर्वी स्वीकारला. छापील नाटक वाचून प्रयोगाविषयी बोलू नये, एवढे भान आपल्याकडे नवोदित समीक्षकालाही असते. पटखेळाला हाच भेद अधिक काटेकोरपणे लागू पडतो. नियमपुस्तिका, पट, पत्ते व सोंगट्या ही संहिता. चार माणसांनी दोन तास बसून केलेला डाव हा प्रयोग. फरक इतकाच, की येथे नट आणि प्रेक्षक एकच असतात आणि दिग्दर्शक कोणीच नसतो. तीच पेटी चार जाणत्यांत उघडली की एक खेळ होतो, तीन जाणते व एक नवखा यांच्यात दुसरा, आणि चार नवख्यांत तिसराच.

असे असूनही बहुसंख्य परीक्षणे पेटीविषयी बोलतात. पुठ्ठ्याची जाडी, चित्रांचा दर्जा, नियमांचा सारांश आणि अखेरीस दहापैकी गुण, असा त्यांचा ठरलेला साचा आहे. डावाला कोण बसले होते, त्यांपैकी कितीजण प्रथमच खेळत होते, नियम कोणी वाचून दाखवले आणि किती वेळ लागला, हे त्यात सहसा नसते. नाटकाचे परीक्षण करताना नेपथ्याच्या फळ्यांची जाडी सांगावी आणि नटांची नावे गाळावीत, असा हा प्रकार आहे.

गुणांच्या सरासरीवर विसंबणेही तितकेच फसवे. अवघड खेळाला गुण देण्याइतपत तो खेळलेली माणसे आधीच अवघड खेळांची आवड असणारी असतात. ज्यांना तो झेपला नाही ते गुण द्यायला मागे राहत नाहीत. उलट 'मोनोपॉली'सारखा सर्वांनी खेळलेला खेळ सर्वांकडून गुण घेतो आणि तळाशी जातो. सरासरीत दिसते ती बव्हंशी गुण देणाऱ्यांची जात.

सन २००२ : एक वर्ष, दोन निवाडे

ही अडचण २००२ मध्ये फार स्पष्टपणे समोर आली. त्या वर्षी आंद्रेआस सायफार्ट यांचा 'पुएर्तो रिको' प्रसिद्ध झाला. रावेन्सबुर्गर या प्रकाशनसंस्थेच्या 'आलेआ' या मुद्रेखाली तो निघाला. लॅटिन भाषेत 'आलेआ' म्हणजे फासा, किंवा फाशांचा जुगार. रॉजर कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांचे जे चार वर्ग पाडले, त्यांतील दैवाधीन खेळांच्या वर्गाला त्याने हेच नाव दिले आहे. गंमत अशी, की फाशाच्या नावाने निघालेल्या या खेळात फासाच नाही. मळ्यांच्या चकत्या कोणत्या क्रमाने निघतात एवढाच काय तो दैवाचा भाग. बाकी जवळजवळ सारे उघड्यावर.

खेळाची रचना निःसंशय असामान्य आहे. मळेवाला, नगराध्यक्ष, बांधकाम करणारा, कारागीर, व्यापारी, कप्तान अशा भूमिका मध्यभागी मांडलेल्या असतात. आपल्या पाळीला एक भूमिका उचलायची. ती उचलली की त्या भूमिकेचे काम सर्वच खेळाडू क्रमाने करतात, उचलणाऱ्याला फक्त थोडा अधिक लाभ मिळतो. म्हणजे स्वतःसाठी केलेली प्रत्येक निवड ही इतरांना दिलेली संधीही असते. कोणी न उचललेल्या भूमिकेवर दर फेरीला एक नाणे चढते, त्यामुळे आज नकोशी वाटणारी भूमिका उद्या मोहात पाडते. इतक्या थोड्या नियमांतून इतका ताण निर्माण करणारे खेळ फार नाहीत. हौशी खेळाडूंच्या गुणतालिकेत तो कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होता, यात नवल नाही.

'वर्षाचा खेळ' निवडणाऱ्या समीक्षक मंडळाने त्याला नामांकन दिले; पुरस्कार मात्र दिला नाही. तो मिळाला बिल पेन यांच्या 'व्हिला पालेत्ती'ला. त्यात लाकडी खांबांवर मजले रचायचे, खालच्या मजल्याचा आपल्या रंगाचा खांब श्वास रोखून बाहेर काढायचा आणि वर नेऊन ठेवायचा; कधीतरी सारा डोलारा कोसळतो. आठ वर्षांच्या मुलाला नियम सांगून संपायच्या आत तो खेळू लागतो. खेळाडू, विक्रेते व समीक्षक यांच्या मतदानातून १९९० पासून दिल्या जाणाऱ्या 'डॉयचर श्पीलेप्राइस' या दुसऱ्या पुरस्काराने त्याच वर्षी 'पुएर्तो रिको'ला अग्रस्थान दिले.

समीक्षक मंडळ चुकले, असे जाणकार खेळाडूंचे मत तेव्हाही होते आणि पुढेही राहिले. या मताला आधार आहे : रचनेची खोली हाच निकष असेल तर दोन्ही खेळांची तुलनाच होऊ शकत नाही. पण मंडळापुढचा प्रश्न कदाचित वेगळा होता. दुकानात लाल सोंगटीचे चिन्ह पाहून पेटी विकत घेणारे कुटुंब त्या रात्री जेवणानंतर काय करेल, हा तो प्रश्न. 'पुएर्तो रिको' उघडून बसलेल्या अशा कुटुंबाचे काय होते, हे त्या खेळाच्या स्वभावातच लिहिलेले आहे. नवखा माणूस कारागीर ही भूमिका हौसेने उचलतो, कारण तिने माल मिळतो. माल सर्वांनाच मिळतो. आणि लगेच त्याच्या डाव्या हाताला बसलेला जाणता व्यापारी किंवा कप्तान उचलून त्या मालाचे सोने करतो. नवख्याच्या डावीकडे बसावे, हे या खेळातले जुने शहाणपण आहे. म्हणजे येथे नवख्याची चूक त्याच्यापुरती राहत नाही. ती शेजाऱ्याला जिंकवते आणि उरलेल्यांना खटकते. नवखा हरतो हे ठीक, पण तो डाव बिघडवणारा ठरतो, हे त्याला दोन तास जाणवत राहते. उत्कृष्ट संहितेचा हा विशिष्ट प्रयोग वाईट होतो, आणि परीक्षणात ते लिहिले जाणे आवश्यक होते.

मंडळाने पुढे हा पेच आपल्या परीने सोडवला. २००८ मध्ये उवे रोझेनबर्ग यांच्या 'आग्रिकोला'ला जटिल खेळासाठी विशेष पुरस्कार देण्यात आला आणि २०११ पासून 'केनरश्पील', म्हणजे जाणकारांचा खेळ, हा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. एका प्रश्नाचे दोन प्रश्न झाले. तरीही दोन याद्या केल्याने एकाच टेबलाभोवती जाणता आणि नवखा एकत्र बसायचे थांबत नाहीत. किंबहुना बहुतेक घरांत, वसतिगृहांत आणि महाविद्यालयाच्या विश्रांतिकक्षांत तसेच होते.

पहिल्या चालीचे ओझे

नवख्यांसाठीचा आदर्श खेळ म्हणून ज्याचे नाव सर्वाधिक घेतले जाते, तो क्लाउस टॉयबर यांचा 'कॅटान'. टॉयबर व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते. १९९५ मध्ये कोसमॉस या प्रकाशनाने तो काढला आणि त्याच वर्षी तो 'वर्षाचा खेळ' ठरला. १९ षट्कोनी चकत्यांचे बेट, चकत्यांवर संख्या, दोन फाशांची बेरीज त्या संख्येइतकी आली की शेजारी वस्ती असणाऱ्याला तिथले लाकूड, वीट, लोकर, धान्य वा खनिज मिळते. देवघेव करावी, रस्ते व वस्त्या वाढवाव्यात, दहा गुण आधी करील तो जिंकला. 'मोनोपॉली'त दिवाळे निघालेला खेळाडू उठून इतरांचा डाव संपण्याची वाट पाहतो. येथे शेवटपर्यंत कोणी बाद होत नाही. शिवाय ज्याच्या हाती वीट आहे त्याच्याशी बोलावेच लागते, मग तो कितीही कच्चा असो. नवख्याला खऱ्या अर्थाने भिडू करणारा हा गुण आहे आणि 'कॅटान'च्या लोकप्रियतेचे मर्म बहुधा त्यातच असावे.

परीक्षणे म्हणतात, नियम सोपे. ते खरेच आहे. परंतु सोपे नियम आणि सोपी निवड या भिन्न गोष्टी होत. डावाच्या आरंभी प्रत्येकाने दोन वस्त्या व दोन रस्ते ठेवायचे असतात. बेटावर चकत्यांचे ५४ कोपरे आहेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ किंवा ८ येण्याच्या प्रत्येकी पाच, तर २ किंवा १२ येण्याची प्रत्येकी एकच. कोपरा निवडताना संभवनीयता, मालांचे प्रमाण, बंदर, आणि उद्या रस्ता कोठे न्यायचा या सर्वांचा एकत्र हिशेब हवा. थोडक्यात, सबंध डावातील सर्वांत निर्णायक कृती नवख्याने पहिला फासा पडण्यापूर्वीच करायची असते. कोपरे चुकले की पुढचा तासभर त्याच्या हाती पत्ते येत नाहीत; देण्यासारखे काही नसल्याने त्याच्याशी कोणी बोलतही नाही. वर सांगितलेला गुण तेव्हा पूर्णतः नाहीसा होतो.

कर्त्याला हे ठाऊक असल्याची खूण संहितेतच आहे. नियमपुस्तिकेत नवशिक्यांसाठी बेटाची ठरीव मांडणी दिलेली असते आणि आरंभीच्या वस्त्यांच्या जागाही आखून दिलेल्या असतात. प्रचलित आवृत्त्यांत संख्येखाली ठिपके असतात, ६ व ८ लाल रंगात असतात, जेणेकरून संभवनीयतेचे गणित न येणाऱ्यालाही कोणती जागा भाग्याची हे दिसावे. परीक्षणांत मात्र या ठरीव मांडणीचा उल्लेख आला तरी ओझरता येतो. जाणत्या परीक्षकाने ती एकदा वापरून कायमची बाजूला ठेवलेली असते. तो आपल्या पहिल्या डावाला विसरलेला असतो.

आपल्याकडच्या अंगणातल्या खेळांत यासाठी एक सुंदर संकेत होता. लहानग्याला 'कच्चे लिंबू' म्हणून घेतले जाई. तो सर्वांबरोबर पळे, लपे, ओरडे. पण त्याच्यावर राज्य येत नसे. खेळाचा आनंद पुरा, दंड माफ. 'कॅटान'ची ठरीव मांडणी हा याच संकेताचा छापील अवतार मानता येईल. मॅट लीकॉक यांच्या २००८ मधील 'पॅन्डेमिक'मध्येही तो आहे : जगभर पसरणाऱ्या चार रोगांविरुद्ध सर्वांनी मिळून लढायच्या या खेळात साथीचे पत्ते चार, पाच की सहा घालायचे यावर काठिण्य ठरते, आणि चार ही नवशिक्यांची पातळी आहे. त्या पटावर मुंबईही आहे, ही मराठी खेळाडूला सुखावणारी बाब. अर्थात तेथेही रोग हटवायचाच असतो. मात्र 'पॅन्डेमिक' नवख्यांसाठी उत्तम, कारण हरले तर सगळेच हरतात, हे विधान अर्धेच खरे आहे. सारी माहिती सर्वांसमोर असल्याने टेबलावरचा अनुभवी माणूस प्रत्येकाची चाल सांगू लागतो. नवखा त्याच्या सूचनेबरहुकूम सोंगटी सरकवतो. येथे कच्च्या लिंबाला दंड माफ होतो खरा; पण खेळही काढून घेतला जातो.

याच संदर्भात खेळपरीक्षणात रूढ झालेल्या 'प्रवेशद्वार' या संज्ञेचा विचार करावा लागेल. सोप्या, सुबक खेळांना प्रवेशद्वाराचे खेळ म्हणतात. शब्द सौजन्याचा वाटतो, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : दारातून आत यायचे असते, दारात राहायचे नसते. 'कॅटान' वा अॅलन मून यांचा आगगाडीच्या मार्गांचा 'टिकेट टू राइड' आयुष्यभर आवडीने खेळणारे कुटुंब या दृष्टीने उंबरठ्यावरच अडखळलेले ठरते. भावगीत ऐकणाऱ्याला ख्यालाच्या वाटेवरचा प्रवासी समजण्यासारखीच ही चूक आहे.

तपकिरी चकत्या

नवख्याचा विचार करावा तो केवळ त्याच्या सोयीसाठी, असे मात्र नाही. 'पुएर्तो रिको'च्या बाबतीत जाणत्यांच्या समीक्षेत एक मोठी उणीव राहिली आणि ती नवख्याच्या नजरेने भरून निघाली असती.

या खेळात मका, नीळ, ऊस, तंबाखू व कॉफी यांचे मळे लावायचे असतात. मळा नुसता असून पिकत नाही. त्यावर माणूस ठेवावा लागतो. माणसे जहाजातून येतात. नियमपुस्तिका त्यांना 'वसाहतकरी' म्हणते, आणि मूळ आवृत्तीत ती गडद तपकिरी रंगाच्या लहान लाकडी चकत्यांच्या रूपात असतात. त्यांना वेतन नाही, इच्छा नाही; मळ्यावरून कारखान्यात, कारखान्यातून खाणीत अशी त्यांची नेमणूक होते. पिकलेला माल कप्तान जहाजात भरून युरोपकडे रवाना करतो आणि त्याचे गुण मिळतात. स्पेनच्या ताब्यातील पुएर्तो रिकोमध्ये गुलामगिरी १८७३ पर्यंत कायदेशीर होती, हे माहीत असलेल्या वाचकाला या चकत्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

प्रथमच टेबलाशी बसलेला माणूस विचारू शकेल असा प्रश्न साधा आहे : ही माणसे कोण? जाणत्या खेळाडूला हा प्रश्न पडेनासा होतो, कारण त्याच्या दृष्टीने ती चकती म्हणजे उत्पादनयंत्रणेतील एक एकक. संस्कृत काव्यशास्त्राने सहृदयाची कल्पना मांडली. सततच्या काव्याभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, तो रसास्वादाचा अधिकारी. हौशी खेळाडू हा खेळांचा सहृदय म्हणता येईल. परंतु त्याचा अभ्यास यंत्रणांचा असतो. त्यामुळे त्याच्या आरशात यंत्रणा लख्ख दिसते आणि कथानक अंधुक होत जाते. अनेक वर्षे या खेळाची स्तुती भूमिकानिवडीच्या यंत्रणेसाठी झाली. कथानकावर टीका झाली ती ते 'कोरडे' आहे, यंत्रणेवर वरवर चिकटवले आहे, अशी. पण कथानक कोरडे नव्हते. मजुराला चकती मानल्याखेरीज मळ्याची अर्थव्यवस्था चालत नाही, हे तो खेळ फार अचूकपणे दाखवत होता. दिसत होते, फक्त वाचले जात नव्हते. आक्षेप पुढे उघडपणे मांडले गेले. त्यांत अभ्यासकही होते आणि खेळाडूही.

पुढे त्याच प्रकाशनाने 'पुएर्तो रिको १८९७' ही आवृत्ती काढली. कथानक १८९७ मध्ये, म्हणजे स्पेनने बेटाला स्वायत्तता दिली त्या वर्षात, नेण्यात आले. वसाहतकऱ्यांच्या जागी कामगार आले. इतिहासाचा जाणकार येथे एक क्षण थांबेल, कारण १८९८ मध्येच बेट अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि ती स्वायत्तता औटघटकेची ठरली. नियमांचा गाभा मात्र तोच राहिला. भूमिका तशाच उचलायच्या, मळ्यावर माणूस तसाच ठेवायचा, माल तसाच जहाजात चढवायचा. केवळ यंत्रणेला गुण देणाऱ्या परीक्षकाला या दोन पेट्यांना सारखेच गुण द्यावे लागतील. आणि जो परीक्षक दोन्ही पेट्या एकाच आठवड्यात, एखाद्या प्रथमच खेळणाऱ्यासह, मांडून पाहील, त्याला मूळ आवृत्तीतली ती चकती मळ्यावर ठेवताना समोरच्याचा हात थांबतो की नाही, हेही लिहावे लागेल.